वाचक विचारतात: न झालेल्या गाण्यांची बांधणी

प्रश्न (कोल्हापूर): सर्बियातल्या एका ट्रिब्यूट बँडने बीटल्सची ‘हरवलेली’ गाणी कल्पून अख्खा अल्बम केला, असं कळलं. बीटल्सची गाणी खरंच हरवली होती का? आणि हा नाद सर्बियात कुठून पोचला?

उत्तर: ‘हरवलेली’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात. त्या आधी सुट्या करायला हव्यात, कारण काम कसं करायचं आणि परवानगी कुणाची घ्यायची हे त्यावरच ठरतं.

पहिली, लेनन-मॅकार्टनी या जोडीच्या नावावरची पण दुसऱ्यांना देऊन टाकलेली गाणी. ‘बॅड टू मी’ १९६३ मध्ये बिली जे. क्रेमरने गायलं, ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’ १९६४ मध्ये पीटर अँड गॉर्डनने. दुसरी, कच्च्या ध्वनिमुद्रणात राहिलेली. ऋषिकेशहून परतल्यावर मे १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या लंडनजवळच्या ईशर इथल्या घरी बीटल्सनी दोन डझनांहून जास्त गाण्यांचे कच्चे आराखडे टेपवर उतरवले. त्यातली बरीचशी ‘व्हाइट अल्बम’मध्ये आली, ‘सावर मिल्क सी’ जॅकी लोमॅक्सकडे गेलं आणि ‘चाइल्ड ऑफ नेचर’ची चाल लेननने १९७१ मध्ये नवे शब्द घालून ‘जेलस गाय’साठी वापरली. तिसरी, जी कुणी कधी लिहिलीच नाहीत. ‘१९६५ च्या हिवाळ्यात आणखी एक गाणं झालं असतं, तर ते कसं असतं?’ या प्रश्नातून ती जन्मतात. आमच्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम हेच.

सर्बियाचं म्हणाल, तर तेव्हाचा युगोस्लाव्हिया सोव्हिएत गोटाबाहेर होता. बीटल्सच्या तबकड्या झाग्रेबची युगोटोन कंपनी परवान्याने काढायची. बेलग्रेडमध्ये ‘सिलुएती’, ‘एलिप्से’, ‘झ्लात्नी देचात्सी’ असे गिटार-संच वाजत होते. अशा संचांना तिथे ‘व्हीआयएस’ म्हणत, म्हणजे गायन-वादन संच. १९६६ मध्ये बेलग्रेडच्या प्रदर्शन-मैदानावर ‘गितारियादा’ ही त्यांची मोठी स्पर्धा झाली आणि त्याच वर्षी ‘जुबॉक्स’ हे संगीताला वाहिलेलं मासिक सुरू झालं. परक्या भाषेतली गाणी कानाने उचलून वाजवायची सवय तिथे साठ वर्षांची आहे.

प्रश्न (पुणे): आमचा चौघांचा बँड आहे, घरी कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रण करतो. बीटल्सच्या धाटणीचं नवं गाणं केलं. वाद्यं तशीच, सूरही बरे, पण ऐकताना कालपरवाचं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा तुम्ही वर्ष ठरवलेलं नाही. ‘बीटल्सचा आवाज’ असा एक आवाज नाहीच. ‘१९६३ चा मार्च’ किंवा ‘१९६६ चा एप्रिल’ असं कागदावर लिहून भिंतीला लावा आणि त्या तारखेनंतरचं काहीही गाण्यात येऊ देऊ नका. सतारीला ऑक्टोबर १९६५ च्या आधी जागा नाही. एडीटी, म्हणजे यंत्राने आवाज दुहेरी करण्याची युक्ती, स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये काढली. बीटल्सकडे मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य, नोव्हेंबर १९६६ पासून आणि मूग सिंथेसायझर १९६९ पासून. १९६३ च्या टाळ्या, सतार आणि मेलोट्रॉन एकाच गाण्यात आले की जाणत्या कानाला लगेच खटकतं.

वर्ष ठरलं की ट्रॅक, म्हणजे टेपवर शेजारीशेजारी स्वतंत्र ध्वनिमुद्रण होणाऱ्या पट्ट्या, ठरतात. ऑक्टोबर १९६३ पर्यंत लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बीटल्सचं काम दोन ट्रॅकवर चाले, त्यानंतर चार, आणि आठ ट्रॅक थेट १९६८ मध्ये. समजा तुम्ही १९६५ घेतलं. कॉम्प्युटरवर चारच मोनो ट्रॅक उघडा. पहिल्यावर ड्रम, बेस आणि ऱ्हिदम गिटार एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवून घ्या. दुसऱ्यावर लीड गिटार, तिसऱ्यावर मुख्य आवाज, चौथ्यावर साथीचे आवाज आणि तंबोरीन एकदमच. पाचवा हवा असेल तर चारांचे मिळून एक किंवा दोन ट्रॅक करा आणि मूळ चार खरोखर पुसून टाका. पुसायला हात धजावत नाही, पण त्या पुसण्यातच त्या काळच्या आवाजाचं रहस्य आहे. बेस आणि ड्रमचं प्रमाण एकदा गोठलं की पुढचा प्रत्येक निर्णय त्याभोवती घ्यावा लागतो. १९६७ चं गाणं असेल तर बेस सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर घ्या. त्या सुमारास मॅकार्टनी बरेचदा तसंच करत, म्हणून तो बेस एवढा गाता आणि मोकळा ऐकू येतो.

ड्रमला आठ माइक लावले असतील तर सहा काढा. १९६३ साठी एक वर आणि एक बेस ड्रमपुढे एवढे पुरे. १९६६ पासूनचा ठोस, कोरडा ठोका हवा असेल तर बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबून माइक जवळ सरकवा. बीटल्सचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमच्या वेळी हेच केलं. १९६८-६९ साठी स्नेअर आणि टॉमवर पातळ सुती पंचा पसरा. बेसला फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत तारा हव्यातच. नेहमीच्या राउंडवाउंड तारांची झणझण कुठल्याही फिल्टरने पुरती जात नाही. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली आणि पिकने वाजवलं की तो बुटका, गोल ठोका मिळतो.

५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. जास्त खर्जाने सुई उडेल या धास्तीने ईएमआय या बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीत तबकडी कापताना तो भाग आवरला जाई, आणि आजचेपणा सर्वात आधी तिथेच उघडा पडतो. घुमाऱ्यासाठी फरशीची न्हाणी वापरा: एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून स्पीकर, दुसऱ्या कोपऱ्यात माइक. स्पीकरला जाणाऱ्या आवाजातून ६०० हर्ट्झखालचं आणि १०,००० वरचं काढून टाका, नाहीतर घुमारा चिखलासारखा बसतो. मेट्रोनोम बंद ठेवा. गाणं दोन-तीन ठोक्यांनी पुढेमागे झालं तर होऊ द्या, आणि सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरला हात लावू नका. १९६८ पर्यंतच्या गाण्याचं मोनो मिश्रण आधी करा, त्यांची खरी मेहनत मोनोवरच असे.

रचनेत दोन मिनिटं दहा ते तीस सेकंदांची मर्यादा पाळा. मधला भाग आठ मात्रावर्तनांचा, म्हणजे आठ बारचा. सी मेजरमध्ये एफ मेजरनंतर एफ मायनर येणं, बी फ्लॅट मेजरची अनपेक्षित उडी, शेवटी सहाव्या सुरासह थांबणारी कॉर्ड, आणि ‘प्लीज प्लीज मी’सारखं खालचा आवाज उतरत असताना वरच्याने एकाच सुराला चिकटून राहणं, या खुणा ओळखीच्या आहेत. त्यातल्या दोनच घ्या. चारही घातल्या की गाणं नकलेसारखं वाटायला लागतं.

प्रश्न (नागपूर): आवाज किंचित जाड, स्वप्नातल्यासारखा करण्यासाठी टेपचा वेग बदलत असत, तसं आम्ही केलं. पण आमच्याकडे फरकच पडत नाही.

उत्तर: सॉफ्टवेअर तुमच्यावर उपकार करतंय. आजचे प्रोग्रॅम वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवतात. ती सोय बंद करून ‘व्हॅरिस्पीड’ किंवा ‘रीसॅम्पल’ पर्याय निवडा, म्हणजे टेपसारखा वेग आणि सूर एकत्र हलेल. अर्ध्या सुरासाठी वेग १.०५९५ पट, म्हणजे सुमारे ६ टक्के बदलतो. अखेर ए मध्ये १२० ठोक्यांचं गाणं हवं असेल तर बी फ्लॅटमध्ये १२७ ठोक्यांवर वाजवा आणि अर्धा सूर खाली आणा. एवढं पुरतं. दोन सुरांहून जास्त उतरवलं तर शब्द लडबडतात.

एडीटीसाठी आवाजाची प्रत २५ ते ४० मिलिसेकंद मागे ठेवा आणि ते अंतर हाताने, अनियमित, हळूहळू हलवा. यंत्राच्या ठरावीक झोक्यावर सोडलं तर त्याचा कोरस इफेक्ट होतो, आणि तो आवाज ऐंशीच्या दशकाचा आहे.

प्रश्न (ठाणे): आमच्याकडे तबला, तानपुरा, हार्मोनियम आहे. त्यांचा उपयोग होईल का?

उत्तर: होईल, आणि तुमच्या शहराजवळचंच उदाहरण आहे. ‘द इनर लाइट’ची वाद्यसाथ जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतली. गायन नंतर लंडनला झालं आणि मार्चमध्ये गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला आलं.

मात्र गाण्याचा पाया तानपुऱ्यावर घ्या, वरून शिंपडू नका. षड्ज आधी पक्का करा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प. गिटार ४४० हर्ट्झच्या ए ला लावा, तानपुरा आणि तबला तिच्याशी जुळवा. हार्मोनियम जुळवता येत नाही, म्हणून ती आधी ट्यूनरवर तपासा. ती वर किंवा खाली असेल तर सगळ्यांनी तिच्यापाशी जावं. सा-प चालू असताना कॉर्ड दर बारला बदलल्या की घोळ होतो. पांढरी एकमध्ये सी आणि बी फ्लॅट एवढ्या दोन कॉर्डवर आख्खं गाणं उभं राहतं. डी मेजर आली की तिचा एफ शार्प, म्हणजे तीव्र मध्यम, खालच्या सा-प ला टोचतो. वेग बदलण्याची युक्ती वापरणार असाल तर तानपुराही त्याच टेपवर आधीच घेतलेला हवा.

प्रश्न (बेळगाव): इंग्रजी उच्चार मराठी वाटतात. उपाय?

उत्तर: मुख्य अडचण ट आणि ड ची. आपली जीभ मागे वळते, इंग्रजीत ती वरच्या हिरडीला सरळ टेकते. सर्बियन गायकांची अडचण उलटी आहे: त्यांची जीभ दातांना लागते आणि र गडगडतो. रोज दहा मिनिटं ओळी पुटपुटत, न गाता म्हणा. ‘व’ मध्ये ओठ गोल की दात ओठावर, हे प्रत्येक शब्दावर खूण करून ठेवा. लिव्हरपूलच्या बोलीत ‘हर’ आणि ‘हेअर’ जवळजवळ सारखे ऐकू येतात. तेवढी एक छटा आणली तरी खूप.

प्रश्न (पुणे, दुसरं पत्र): असं गाणं प्रसिद्ध करताना कायद्याची अडचण येते का? आणि एआयने लेननचा आवाज वापरला तर?

उत्तर: शैलीवर कुणाची मालकी नसते, चालीवर आणि शब्दांवर असते. १९७८ मध्ये नील इनेस यांनी ‘द रटल्स’ या बीटल्सची विनोदी नक्कल करणाऱ्या बँडसाठी बीटल्सच्या धाटणीची गाणी रचली. मूळ तबकड्या पुन्हा न ऐकता, आठवणीतून रचल्याचं त्यांनी सांगितलं होतं, तरीही बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या एटीव्ही म्युझिकने दावा लावला आणि इनेस यांना वाटा सोडावा लागला. म्हणून चाल झाल्यावर ती शब्दांशिवाय नुसती पेटीवर वाजवून, बीटल्सची गाणी पाठ असलेल्या दोघा-तिघांना ऐकवा. त्यांना विशिष्ट गाणं आठवलं तर ती ओळ बदला.

देऊन टाकलेल्या गाण्यांचं कव्हर, म्हणजे तेच गाणं स्वतः गाऊन नवं ध्वनिमुद्रण, करायचं तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ३१ सी लागू होतं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि रॉयल्टी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने भरावी लागते. मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार या कलमाखाली चालत नाहीत. म्हणजे एखादा कच्चा तुकडा घेऊन त्याला स्वतःचा अंतरा जोडणं यात बसत नाही, त्याला हक्कदाराची थेट संमती लागते. हक्कदार कोण याची चौकशी मुंबईच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून सुरू करा.

आवाजाची नक्कल करू नका. ‘नाउ अँड देन’ हे २०२३ चं गाणं लोक उदाहरण म्हणून देतात, पण तिथे यंत्राने लेननचा खराच आवाज जुन्या कॅसेटवरच्या पियानोपासून वेगळा केला, नवा आवाज घडवला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय-नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला आहे. तुमच्या गाण्याच्या वेष्टनावर आणि फाइलच्या माहितीत ‘नवी रचना’ हे शब्द आणि तुमची नावं ठळक छापा. ‘बीटल्स’ हे नाव शीर्षकात घेऊ नका, तो नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.