कागदावरचा पक्षी पत्र्यावर का उडत नाही?

या वेळच्या गठ्ठ्यात चार पत्रं एकाच वळणाची निघाली. चौघंही एकेका टेबलावर हाताने दागिने घडवणारे आणि चौघांनाही चित्रांचं वेड. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. मोत्यांच्या माळेविषयी विचारणाऱ्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी चांदीत काम करते. स्टुडिओ आपला म्हणायचा, एक टेबल आणि एक खिडकी. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतली जुनी चित्रं मला फार आवडतात. अशाच एका चित्रातला फांदीवरचा पक्षी ट्रेस केला, पत्र्यावर चिकटवला आणि दोन दिवस खपून कापला. चित्रातला पक्षी आत्ता उडेल असा वाटतो. माझा मात्र किल्लीला लावायच्या बिल्ल्यासारखा दिसतोय. मी एकही रेघ सोडली नाही, मग चुकलं काय?

उत्तर : एकही रेघ सोडली नाहीत, तिथेच घोळ झाला.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी भिंगाखाली पाहिले. करवतीवर तुमचा हात छान बसलाय, पंखाच्या कडेला पातं कुठेही अडखळलेलं नाही. आता मूळ चित्रातली पोटाची रेघ बघा. ती गळ्यापासून निघते, छातीवरून फुगत खाली येते आणि मध्येच संपते. तिथून शेपटीपर्यंत नुसता कोरा कागद आहे. चित्रकाराने पोट पुरतं काढलेलंच नाही, उरलेलं आपला डोळा काढतो. पक्षी जिवंत वाटतो तो त्या फटीमुळे. ट्रेस करताना तुम्ही ती फट इमानेइतबारे जोडून टाकलीत, कारण पत्र्याला कड ही लागतेच. कड पुरी झाली आणि पक्षी आत कोंडला गेला.

मग करायचं काय? हाच पक्षी एकदा तारेत करून बघा. 1 मिलिमीटरची गोल तार घ्या, गळ्यापासून पोटापर्यंत वळवा आणि जिथे चित्रातली रेघ थांबते तिथेच तारही थांबवा. मग ऐरणीवर ठेवून छातीच्या फुगीर भागावर हलके हलके ठोके द्या. तार तिथे पसरेल, टोकांकडे बारीकच राहील. चित्रकार निब दाबतो तेव्हा रेघ जाड होते, उचलतो तेव्हा बारीक होते. आपल्याकडे निबेच्या जागी हातोडी. ही युक्ती मला सापडायला चार वर्षं लागली, तुम्हाला फुकट देते आहे.

तसं या दोन धंद्यांचं नातं जुनंच आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागदावर ठसा घ्यायचा, ही छपाईची कला पंधराव्या शतकात सोनारांच्याच कारखान्यांतून बाहेर पडली. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे वडील सोनार होते. 1486 मध्ये तो चित्रकाराकडे शिकायला गेला, त्याआधी बापाच्या हाताखाली सोनारकामच शिकत होता. त्याच्या कोरीव चित्रांमधली बारीक होत विरून जाणारी रेघ बघताना मला आधी ती कोरणी धरलेली मूठ दिसते, चित्र त्यानंतर.

आता पत्र्याकडे वळू, कारण सगळंच काही तारेत होणार नाही. चित्र 20 सेंटिमीटरचं आणि पेंडंट 3 सेंटिमीटरचं असेल, तर चित्रातली 1 मिलिमीटरची रेघ तुमच्या पत्र्यावर 0.15 मिलिमीटरची होते. तुमचं 2/0 नंबरचं पातंच साधारण पाव मिलिमीटर जाड असतं. म्हणजे कापायची फट रेघेहून रुंद! हा हिशेब न करता आपण रात्री दोनपर्यंत डोळे फोडतो. म्हणून मूळ चित्रावरून थेट ट्रेस करायचंच नाही. आधी दागिन्याच्या मापाचा चौकोन कागदावर आखायचा आणि त्यात बोथट पेन्सिलीने चित्र पुन्हा काढायचं. बोथटच, हे मुद्दाम सांगते. टोकदार पेन्सिल खोटी आशा दाखवते. त्या चौकोनात जे मावत नाही ते दागिन्यातही मावणार नाही.

दुसरी अडचण बेटांची. डोळ्याचं वर्तुळ करवतीने गोल कापलंत की आतली चकती टपकन टेबलावर पडते. कागदावर काळ्याच्या मधोमध पांढरं निवांत बसू शकतं, धातूत प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याचा हात धरावा लागतो. चित्र निवडतानाच हे बघायचं. एर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञाने 1899 ते 1904 या काळात निसर्गातल्या आकारांची 100 चित्रपत्रकं हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केली. त्यांतले रेडिओलॅरिया, म्हणजे समुद्रातले सूक्ष्म एकपेशीय जीव, जरूर पाहा. त्यांचे सांगाडे म्हणजे मुळातच जाळी. सगळ्या काड्या एकमेकींना जोडलेल्या, सुटं बेट शोधून सापडत नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनाची भव्य कमान रने बिने या वास्तुकाराने याच आकारांवरून रचली होती. कमानीला जे पेललं ते पेंडंटला पेलेलच. जाळीकाम शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पक्ष्यांआधी हे जीव कापायला देते.

आणि टांगणं! फांदीवरचा पक्षी चित्रात फांदीवर बसतो, गळ्यात मात्र तो लोंबतो. डोक्यावर कडी लावलीत तर शेपटीच्या वजनाने चोच आभाळाकडे जाईल. जाड पुठ्ठ्यातून तोच आकार कापा आणि कडेजवळ टाचणीने टांगा. टाचणीलाच दोऱ्याने वजन बांधून सोडा आणि दोऱ्याखाली रेघ मारा. दुसऱ्या कुठल्याही टोकाने टांगून पुन्हा तेच करा. दोन रेघा जिथे छेदतात तो तोलाचा बिंदू. पक्षी जसा दिसायला हवा तसा पुठ्ठा धरा, त्या बिंदूच्या बरोबर वर जी कड येईल तिथे कडी. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे माझ्या खणात नाक खाली घालून लोंबणारे तीन मासे पडून आहेत.

कानातलं करणार असाल तर तराजूही जवळ ठेवा. 3 बाय 4 सेंटिमीटरचा, 1 मिलिमीटर जाडीचा स्टर्लिंग (म्हणजे 92.5 टक्के शुद्ध) चांदीचा सबंध तुकडा साडेबारा ग्रॅमच्या आसपास भरतो. एका कानाला हे फार झालं. निम्मी जाळी कापा किंवा पत्रा पातळ घ्या. आणि जोडी करताना एक पक्षी उलटा करायला विसरू नका, नाहीतर एक पुढे बघेल आणि दुसरा पाठीमागे.

प्रश्न : इंटरनेटवर एका आजच्या चित्रकर्तीची कोल्ह्यांची चित्रं पाहिली आणि तशा डिझाइनची कानातली केली. मैत्रीण म्हणते, 30 टक्के बदल केला की कॉपीराइट लागत नाही, शिवाय आपण दहाच जोड्या विकणार. खरं आहे का?

उत्तर : असा टक्क्यांचा नियम कायद्यात नाही. ही अफवा मी हातात करवत धरली त्या वर्षापासून ऐकते आहे, टक्के तेवढे बदलत राहतात. दहाच विकल्या, हाताने घडवल्या, वस्तू दुसऱ्याच माध्यमात केली, यांतल्या कशानेही आपोआप परवानगी मिळत नाही. कोल्हा कुणाच्या मालकीचा नाही, चित्राची शैलीही नाही. पण अमुक वळणाची शेपटी, तमुक कोनात वळलेली मान आणि कानाखालची ती तीन पानं, हे सगळं जुळून आलेलं चित्र तिचं आहे.

कॉपीराइटविषयीच्या 1886 च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेल्या देशांत चित्राला किमान चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर 50 वर्षं संरक्षण असतं. काही देशांत ही मुदत 60 वर्षांची आहे, बऱ्याच देशांत 70. हेकेल 1919 मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्रकं मोकळी. फसगत एका ठिकाणी होते: गोष्ट शेकडो वर्षं जुनी असली म्हणून तिच्यावर गेल्या वर्षी काढलेलं चित्र जुनं होत नाही.

माझंही एकदा असंच झालं होतं. एका चित्रकर्तीचं मांजर मला इतकं आवडलं की आधी ब्रोच करून टाकला आणि मग लाज वाटली. विकायच्या आधी तिला फोटो पाठवून सरळ विचारलं. तिने दोन अटी घातल्या, डबीतल्या चिठ्ठीवर तिचं नाव आणि एक ब्रोच तिला भेट. आणि खाली लिहिलं होतं, "मिशा चुकल्यात." खरंच चुकल्या होत्या. तुम्हीही विचारा, लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्या जोड्या डबीत राहू द्या.

जाता जाता एक, तुमच्या कोल्ह्याच्या शेपटीचं टोक मला धोक्याचं दिसतंय. चित्रातलं टोक कुणाला टोचत नाही. मी केलेला एक काटेरी साळिंदर ब्रोच आठवड्याभरात परत आला होता, काट्यांत लोकरीचे धागे अडकलेले आणि बाईंच्या शालीला भोक पडलेलं. शालीचे पैसे मी भरले. तेव्हापासून प्रत्येक टोक कानशीने गोल करते आणि तपासायला नायलॉनच्या जुन्या मोज्यावरून फिरवते. मोजा अडकला की पुन्हा कानस.

प्रश्न : मला चित्र काढता येत नाही. नुसती पुस्तकं चाळून डिझाइन सुचेल का? आणि सुचलं तर त्याची एक सलग मालिका कशी करू? माझे दागिने दहा वेगवेगळ्या लोकांनी केल्यासारखे दिसतात.

उत्तर : चाळून सुचत नाही, चाळून फक्त बुकमार्क वाढतात. एकच चित्र घ्या. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त सात रेघा मारायची परवानगी स्वतःला द्या. कुठल्या सात, हे ठरवताना जी चिडचिड होते तिलाच डिझाइन म्हणतात. दुसऱ्या दिवशी मूळ चित्र न बघता त्याच्या चार रेघा करा. या चार बहुधा तुमच्या असतील, चित्रकाराच्या नसतील. यासाठी चित्रकलेचा हात लागत नाही. तेही जमलं नाही तर काळा कागद आणि कात्री घ्या, कात्रीला शेडिंग येत नाही हाच तिचा गुण.

मालिकेसाठी मारिया सिबिला मेरियान या किड्यांची चित्रं काढणाऱ्या जुन्या चित्रकर्तीकडे जा. सुरिनामच्या किड्यांवरचं तिचं पुस्तक 1705 मध्ये निघालं. त्यात एकाच पानावर झाड, ते खाणारी अळी, कोश आणि त्यातून निघालेलं फुलपाखरू असं सगळं एकत्र भेटतं. एक पान म्हणजे तुमची एक मालिका. अळीची अंगठी, कोशाचे डूल, कुरतडलेल्या पानाचं पेंडंट. कुरतडलेलं पान सोडू नका, कड आयतीच मिळते. मात्र एका पानातून निघालेल्या सगळ्या वस्तूंना तार एकाच जाडीची आणि जिल्हई एकाच जातीची ठेवा. दहा लोकांचं काम वाटतं ते बहुतेक वेळा विषयांमुळे नाही, दहा तऱ्हेच्या पॉलिशमुळे.

प्रश्न : चांदीवर कोरलेल्या रेघा शाईच्या चित्रासारख्या काळ्या कशा दिसतील?

उत्तर : लिव्हर ऑफ सल्फरने, म्हणजे चांदी काळी करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाने. झाळकाम सगळं आटोपल्यावर वस्तू स्वच्छ करा, कोमट पाण्यात त्याचा छोटा खडा विरघळवा आणि वस्तू बुडवून काढा, बुडवून काढा. आधी सोनेरी, मग तांबूस, निळसर आणि शेवटी काळी होईल. धुऊन वरचा भाग घासलात की काळं फक्त रेघांत राहतं. मोती, ओपल यांसारखे नाजूक खडे नंतर बसवा. खिडकी उघडी ठेवा. आणि हे भांडं आम्लाच्या भांड्याजवळ कधीही नेऊ नका, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. कुजक्या अंड्याचा वास नुसत्या लिव्हर ऑफ सल्फरलाही येतो, त्यामुळे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.