प्लीहा काढलेल्या मुलीला घेऊन इंग्लंडला येताना

ताई, स्फेरोसायटोसिसमुळे (रक्तातल्या तांबड्या पेशी गोल होऊन लवकर फुटतात, तो आजार) प्लीहा काढलेल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन नागपूरहून लीड्सला यावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, हेल्थ सरचार्ज वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन पुण्यात झालं आणि नंतर आम्ही लेस्टरला आलो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला चैन नाही.

आधी लसींचे कागद. तारखा आणि लसीचा प्रकार टाइप करून, सही-शिक्क्यासकट घ्या. आमच्या फायलीत नुसती ब्रँडची नावं होती, तीही डॉक्टरांच्या अक्षरात. इथल्या जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरांकडे, कोणालाच ती लागेनात, प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून कहाणी. न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस एसीडब्ल्यूवाय या जंतूंवरच्या लसी तिकडे झाल्या असतील. मेनिंगोकोकस-बीची लस मात्र आवर्जून विचारा. इथे ती 2015 पासून तान्ह्या बाळांना देतात. मोठेपणी आलेल्या मुलांना आपोआप बोलावणं येत नाही, पण प्लीहा नसलेल्यांना ती द्यायची असते. फ्लूची लस दरवर्षी.

न्यूमोकोकससारख्या या जंतूंभोवती साखरेचं कवच असतं. ते रक्तातून गाळून काढायचे आणि त्यांच्याविरुद्ध झटपट अँटिबॉडी बनवायची, ही दोन्ही कामं प्लीहा करते. ती गेली की यकृत काही भार उचलतं, पण जंतूला आधीच अँटिबॉडी चिकटलेली असेल तरच नीट. लसींनी धोका कमी होतो, संपत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तो जास्त असतो, पण राहतो आयुष्यभर. 1952 साली किंग आणि शुमाकर यांनी हे पहिल्यांदा नोंदवलं, तेही स्फेरोसायटोसिससाठी प्लीहा काढलेल्या बाळांमध्ये. सकाळचा साधा ताप संध्याकाळपर्यंत सेप्सिस, म्हणजे सगळ्या शरीरावर उलटणारा जीवघेणा संसर्ग, होऊ शकतो, हे वाचल्यापासून थर्मामीटर माझ्या उशाशी असतो.

पेनिसिलिन रोज दोनदा. पातळ औषध एकदा कालवलं की फ्रीजमध्ये सातच दिवस टिकतं, म्हणजे दर आठवड्याला फार्मसीची फेरी. लेकीला गोळी गिळायची सवय तिकडेच लावा. तापासाठी अँटिबायोटिकचा वेगळा कोर्स घरात हवाच. पहिला डोस द्यायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.

आता शाळा. ते अजून मनातून जात नाही. ताप आला की लगेच फोन करा, असं मी लिहून दिलं होतं. एका दुपारी त्याला अंगात कणकण होती, तर त्यांनी पाणी पाजून वाचनकोपऱ्यात बसवून ठेवलं आणि शाळा सुटल्यावर सहज सांगितलं. वर त्या सत्रात हजेरी कमी म्हणून घरी पत्र. मीटिंगमध्ये बाई हसून म्हणाल्या, 'आईला काळजी जरा जास्तच वाटते.' त्या हसण्याला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मी भांडी घासताना अजून जुळवते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलकडून लेखी केअर प्लॅन, म्हणजे ताप आला तर काय करायचं याचा कागद, घ्या आणि शाळेची त्यावर सही घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. दिवसा काही वाटत नाही, माणसं भेटतात, गणपतीही होतात. रात्री ताप चढला की कळतं. पुण्यात वरच्या मजल्यावर दीर होते, खाली रिक्षा होती. इथे नवरा नाइट शिफ्टला, धाकटी झोपलेली. तिला उचलून गाडीत घालायचं, एकीकडे मोठ्याचा श्वास मोजायचा, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिलं वाक्य 'ही इज एस्प्लेनिक', म्हणजे याला प्लीहा नाही, हेच बोलायचं. ते बोललं की थांबवत नाहीत, लगेच आत घेतात. एवढ्या एका गोष्टीसाठी या देशाचे मी मनापासून आभार मानते, आणि त्याच रात्री परत जावंसंही वाटतं.

सुट्टीत गडचिरोलीला सासरी जाल, तेव्हा मलेरियाच्या गोळ्या इथूनच सुरू करून जा. प्लीहा नसताना मलेरिया फार जोरात येतो. कुत्रा चावला, अगदी घरचा असला तरी, रेबीजच्या लसीबरोबर अँटिबायोटिकचंही लगेच विचारा.

या म्हणू की नको, माझं मलाच ठरत नाही. आलात तर लीड्स जनरल इन्फर्मरीत मुलांचं हॉस्पिटल आहे. घर बघताना शाळेच्या आधी, रात्री तिथे किती वेळात पोचाल ते बघा.