त्रिकोण सरकवायचा, त्याचं भाषांतर करायचं नाही

प्रश्न असा आला आहे : मुलीच्या भूमितीच्या इंग्रजी सरावपत्रिकेचं यंत्राकडून मराठी करून घेतलं, तर त्यात ‘त्रिकोणाचे भाषांतर करा’ असं वाक्य आलं. इथे योग्य शब्द कोणता? आणि आकृती आरंभबिंदूभोवती, म्हणजे आलेखावरच्या (०, ०) या बिंदूभोवती, फिरवली तर त्याला परिवलन म्हणायचं की परिभ्रमण?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इथे ‘स्थानांतर’ किंवा ‘स्थानांतरण’ हवं. इंग्रजीतला ट्रान्स्लेशन हा शब्द ‘पलीकडे नेलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन रूपापासून आला. मजकूर दुसऱ्या भाषेत नेणं आणि आकृती दुसऱ्या जागी नेणं, दोन्हींना इंग्रजीत तोच शब्द, म्हणून यंत्र फसलं. मराठीत मात्र काय बदललं ते समासाचं पहिलं पद सांगतं : भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप, स्थानांतर म्हणजे दुसरं स्थान. इथला ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. दोन बिंदूंमध्ये मोजतो ते अंतर वेगळं. माणसांसाठी आणि पक्ष्यांसाठी आपल्याकडे ‘स्थलांतर’ रूढ आहे, नोकरीत ‘बदली’ होते, त्यामुळे ‘स्थानांतर’ हा शब्द भूमितीसाठी जवळजवळ मोकळाच आहे. ‘विस्थापन’ मी टाळेन. भौतिकशास्त्रात त्याला सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेमधलं दिशेसह सरळ अंतर असा पक्का अर्थ आहे, आणि बातम्यांत तो धरणामुळे गाव सुटलेल्यांसाठी येतो.

आता परिवलन की परिभ्रमण. हा प्रश्न फार चांगला आहे, कारण यात शब्दाइतकीच भूमितीही आहे. भूगोलात पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, असं आपण शिकतो. त्यामुळे आरंभबिंदू त्रिकोणाच्या बाहेर असला की हे परिभ्रमणच, असं वाटणं साहजिक आहे. पण आलेखकागदावर करून बघा. क(२, १), ख(५, १), ग(२, ३) हा काटकोन त्रिकोण घ्या. आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांतून फिरवला की (क्ष, य) या बिंदूची जागा (-य, क्ष) होते. म्हणजे क जातो (-१, २) वर, ख (-१, ५) वर आणि ग (-३, २) वर. कख ही बाजू आधी आडवी होती, आता ती उभी आहे. त्रिकोण नुसता दुसऱ्या चरणात, म्हणजे आलेखाच्या वरच्या डाव्या भागात, गेला नाही, तो स्वतःही ९० अंशांनी वळला.

जत्रेतल्या आकाशपाळण्यात याच्या उलट घडतं. पाळणा मोठ्या वर्तुळात फिरतो, पण बसलेली माणसं सरळच राहतात, डोकं वर, पाय खाली. भूमितीच्या दृष्टीने त्या पाळण्याचं नुसतं स्थानांतर झालं, वाट वर्तुळाची असली तरी! सूर्याभोवती जाताना पृथ्वीचा आसही वर्षभर जवळपास एकाच दिशेला रोखलेला असतो. म्हणून सरावपत्रिकेत मी ‘परिवलन’ लिहीन. केंद्र आकृतीच्या आत आहे की बाहेर, याने फरक पडत नाही. आकृतीची प्रत्येक रेघ तितक्याच अंशांनी वळली का, हे बघायचं. ‘घूर्णन’ही बरोबर आहे, पण मुलीला भूगोलामुळे परिवलन ओळखीचं असेल.

मला मात्र या नामांपेक्षा त्यांच्याबरोबर येणारे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जास्त महत्त्वाची वाटतात. सरावपत्रिकांची भाषांतरं बिघडतात ती बहुतेक तिथेच. स्थानांतराला ‘-नी’ लागतो : त्रिकोण उजवीकडे ४ एककांनी आणि खाली २ एककांनी सरकवा. मग (क्ष, य) चा (क्ष + ४, य - २) होतो आणि क येतो (६, -१) वर. यंत्र जर ‘(४, -२) कडे सरकवा’ म्हणालं, तर मूल क बिंदू थेट (४, -२) वर नेऊन ठेवेल, आणि त्या वाक्याप्रमाणे ते बरोबरच असेल. परिवलनाला ‘भोवती’ हवं आणि दिशाही हवी. परावर्तनाला, म्हणजे आकृती आरशातल्यासारखी उमटवण्याला, ‘-त’ : क्ष-अक्षात परावर्तन. ‘क्ष-अक्षावर परावर्तन’ असंही वाचायला मिळतं, पण आपण आरशात बघतो, पाण्यात प्रतिबिंब दिसतं, आणि अक्ष इथे आरसाच आहे. प्रतिबिंब ही मिळालेली आकृती, परावर्तन ही ती मिळवण्याची क्रिया, एवढा भेद सांभाळावा.

घरात समजावताना सरकवणे, फिरवणे ही क्रियापदं खुशाल वापरा. ‘उलटा करा’ मात्र नको. क(२, १) चं क्ष-अक्षात परावर्तन (२, -१), य-अक्षात (-२, १) आणि आरंभबिंदूभोवती १८० अंशांचं परिवलन (-२, -१). तिन्हींना आपण ‘उलटा’ म्हणतो. गंमत म्हणजे दोन्ही अक्षांत एकापाठोपाठ परावर्तन केलं की ते १८० अंशांचं परिवलनच होतं. एकाच परावर्तनाने मात्र आकृतीचं वळण बदलतं : मूळ त्रिकोणात क, ख, ग या क्रमाने बोट फिरवलं तर ते घड्याळाच्या उलट जातं, परावर्तित त्रिकोणात घड्याळाप्रमाणे. सरकवून किंवा फिरवून हा बदल कधीच होत नाही.

स्थानांतर, परिवलन आणि परावर्तन या तिन्ही क्रियांत मूळ आणि नवी आकृती एकरूप असतात, म्हणजे आकार आणि माप तेच राहतं. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये याच विचारावर भूमितीची मांडणी केली : अशा क्रियेनंतर, म्हणजे रूपांतरणानंतर, जे गुण टिकतात, त्यांचा अभ्यास म्हणजे भूमिती.

सरावपत्रिकेत चौथी क्रियाही बहुधा असेल, आकृती मोठी-लहान करण्याची. तिला ‘विस्तारण’ म्हणता येईल. तिने मिळते ती समरूप आकृती : कोन तेच, बाजू ठरलेल्या पटीत. तिथे ‘त्रिकोण दुपटीने वाढवा’ असं लिहू नका. कोणी बाजू दुप्पट करेल, कोणी क्षेत्रफळ, तर कोणी ‘दुपटीने वाढ’ म्हणजे मूळ अधिक दुप्पट असं समजून तिप्पट करेल. ‘आरंभबिंदू केंद्र धरून प्रत्येक बाजू दुप्पट करा’ असं लिहा. मग शिरोबिंदू (४, २), (१०, २), (४, ६) येतील आणि क्षेत्रफळ ३ चौरस एककांवरून १२ वर जाईल.