बहुमत कशाशी मोजायचं, मताधिक्य कशाशी?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गावात थेट सरपंचपदासाठी तिघे उभे होते. मतं पडली 610, 540 आणि 350. चौकातल्या अभिनंदनाच्या फलकावर 'प्रचंड बहुमताने विजयी' असं लिहिलं. शाळेतले एक सर म्हणाले, हे चूक, इथे 'मताधिक्याने' हवं. दुसरे म्हणाले, दोन्ही शब्द एकच. खरं काय?"

पहिल्या सरांचं बरोबर आहे. तिघांची मिळून 1,500 मतं झाली. त्यांची निम्मी 750. बहुमत सुरू होतं 751 पासून, आणि विजयी उमेदवाराला मिळाली 610. म्हणजे बहुमत कुणालाच नाही. मताधिक्य मात्र आहे, ते 70 मतांचं. बहुमत एकूण मतांशी मोजायचं, मताधिक्य लगतच्या प्रतिस्पर्ध्याशी. मोजण्याची पट्टीच वेगळी असल्याने हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

दुसऱ्या सरांना मी लगेच झिडकारणार नाही, कारण 'बहुमत' हा शब्द फोडून पाहिला तर त्यात 'निम्म्याहून जास्त' असं कुठेच नाही. 'बहूंचं मत' म्हणजे पुष्कळांचं मत, एवढंच. आणि हा अर्थही पुढचा आहे. संस्कृतात 'बहुमत' म्हणजे ज्याला लोक फार मानतात असा, आदरणीय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, 'येषां च त्वं बहुमतो भूत्वा यास्यसि लाघवम्'. ज्यांच्या लेखी तू आजवर थोर होतास, त्यांच्याच नजरेत हलका ठरशील. तिथे मतमोजणीचा काही संबंध नाही. 'मत' हे 'मन्' या धातूचं रूप, त्याचा अर्थ 'मानलेलं'. याच धातूतून आलेल्या 'बहुमान' या शब्दाने आदराचा जुना अर्थ मराठीत आजही सांभाळला आहे. 'बहुमत' मात्र सभागृहात गेलं आणि आकड्यांचं झालं. मला ही जोडी फार आवडते. एकाच घरातले दोन भाऊ, एक सत्काराच्या मंचावर, दुसरा मतमोजणीच्या टेबलापाशी.

मग निम्म्याची अट आली कुठून? ती शब्दाच्या व्युत्पत्तीत सापडत नाही, वापरात सापडते. आपण 'अल्पमतातलं सरकार' म्हणतो ते आठवा. 1991 साली काँग्रेस लोकसभेतला सर्वांत मोठा पक्ष होता, तरी नरसिंह रावांचं सरकार अल्पमतातलंच म्हटलं गेलं. 'बहुमत' म्हणजे 'सगळ्यांत जास्त' एवढाच अर्थ असता, तर सर्वांत मोठ्या पक्षाचं सरकार अल्पमतात कसं असतं? 288 जणांच्या विधानसभेत बहुमताचा आकडा 145 आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. सभागृहाबद्दल बोलताना आपण हा शब्द इतका काटेकोर वापरतो. मतदारसंघाबद्दल बोलताना मात्र त्याला सैल सोडतो.

गोंधळाचं मूळ आपल्या निवडणूक पद्धतीत आहे. लोकसभा, विधानसभा आणि तुमच्या सरपंचाची निवडणूकही 'ज्याला सर्वाधिक वैध मतं तो विजयी' या नियमाने चालते. निम्म्याची अट त्यात नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर यांना 4,52,644 आणि अमोल कीर्तिकर यांना 4,52,596 मतं मिळाली. मताधिक्य 48. बाकीचे उमेदवार आणि 'नोटा' धरले तर विजयी उमेदवाराची मतं निम्म्याच्या खालीच राहतात. त्या निकालाला निसटता विजय म्हणा, काठावरचा विजय म्हणा. काठावरचं बहुमत म्हणता येणार नाही.

या दोन शब्दांतलं अंतर ज्याला एकदाच नीट पाहायचं आहे, त्याने 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक पाहावी. तिथे पसंतीक्रमाने मत द्यायचं असतं आणि निवडून यायला खरोखरीचं बहुमत लागतं. त्याला कोटा म्हणतात: एकूण वैध मतमूल्याच्या निम्म्याच्या पुढे. (तिथे मत देणाऱ्या प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक वजन असतं, त्याला मतमूल्य म्हणतात; खालचे आकडे त्याचेच.) त्या वर्षी एकूण मतमूल्य 8,36,337 होतं आणि कोटा 4,18,169. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना 4,01,515, नीलम संजीव रेड्डी यांना 3,13,548 आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या चिंतामणराव देशमुखांना 1,12,769 मतं पडली. हे चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे.

गिरी तब्बल 87,967 मतांनी पुढे होते. आपल्या विधानसभेचा नियम असता तर निकाल तिथेच लागला असता. पण कोटा गाठला नव्हता, म्हणून तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळत गेल्या. शेवटी देशमुखही बाद झाले. त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोठ्या प्रमाणावर रेड्डींना होती. अखेरचे आकडे: गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. आघाडी 87,967 वरून 14,650 वर घसरली, आणि नेमके त्याच वेळी गिरी राष्ट्रपती झाले. मताधिक्य आटलं, बहुमत मिळालं. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही पसंतीक्रमच असतो. 'पहिल्या पसंतीत आघाडी, पण कोटा पूर्ण नाही' ही बातमी तुम्ही तिथे वाचली असेल. मतमोजणी लांबते ती त्यामुळेच.

एक तक्रार मात्र करायलाच हवी. नागरिकशास्त्र शिकवताना आपल्या सर्वाधिक मतांच्या पद्धतीला कित्येकदा 'साध्या बहुमताची पद्धत' म्हटलं जातं. पण सभागृहात 'साधं बहुमत' म्हणजे हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या निम्म्याहून जास्त, आणि 'विशेष बहुमत' म्हणजे घटनादुरुस्तीला लागतं तसं, दोन तृतीयांशांचं वगैरे. एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या तर विद्यार्थ्याने धरायचं काय? कुणी 'सापेक्ष बहुमत' सुचवतात. तो शब्द चुकीचा नाही, पण बोलताना कुणी वापरणार नाही. मला 'सर्वाधिक मतं' पुरेसं वाटतं. ते ऐकताच कळतं आणि कायद्याच्या भाषेशीही जुळतं.

लेखनाबद्दल दोन शब्द. अधिक, त्यावरून आधिक्य, त्यावरून मताधिक्य. 'मताधिक्क्य' असा जोड देऊ नये. 'हजार मतांच्या मताधिक्याने' यात मत दोनदा येतं. त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण आधिक्य किती हे सांगताना ते सहज होतं, पण 'हजाराचं मताधिक्य' अधिक नेटकं. आणि गावात कुणी 'मताधिक्य' म्हणतच नाही. तिथे शब्द आहे 'लीड'. 'आपल्या वाडीनं किती लीड दिलं?' हा प्रश्न विचारणाऱ्याला ते एकूण मतांशी मोजायचं नाही, समोरच्याशी मोजायचं आहे, हे कुणी शिकवावं लागत नाही. पारावरच्या माणसाचा हिशेब फलक रंगवणाऱ्यापेक्षा पक्का आहे.

तेव्हा फलक पुन्हा रंगवणार असाल तर 'प्रचंड' काढा आणि 'बहुमताने'ही काढा. 'मताधिक्याने विजयी' चालेल. माझ्या हातात कुंचला असता तर मी '70 मतांनी विजयी' एवढंच लिहिलं असतं.