भूल आणि यकृत: नव्याने भूलशास्त्रात आलेल्यांसाठी

ऑपरेशननंतर एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं की सगळे आधी भुलेच्या औषधाकडे बोट दाखवतात. तू मात्र आधी भुलेचा चार्ट उघड. बीपी किती वेळ खाली होतं, रक्तस्राव किती झाला, ते बघ. यकृताला सुमारे पाऊण रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, तेही ऑक्सिजन कमी असलेलं. बीपी पडलं की यकृताच्या प्रत्येक खंडिकेच्या (छोट्या कप्प्याच्या) मध्यशिरेभोवतालच्या पेशी आधी मरतात. माझ्या मते औषधापेक्षा हेच कारण जास्त वेळा सापडतं.

हॅलोथेन या श्वासातून द्यायच्या जुन्या भुलेच्या औषधाची गोष्ट वेगळी. त्याचं जवळपास २० टक्के चयापचय यकृतात होतं, त्याच प्रकारच्या आयसोफ्लुरेनचं ०.२, डेसफ्लुरेनचं ०.०२ टक्के. या चयापचयातून बनणारा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिल अंश यकृताच्या प्रथिनांना चिकटतो, आणि क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांवरच उलटते. म्हणून ‘आधी कधी भूल दिली होती का? नंतर ताप, कावीळ?’ हे प्रत्येकाला विचारच, कितीही घाई असो. सेव्होफ्लुरेनमधून हा अंश बनत नाही.

सिऱ्हॉसिस असेल तर स्नायू शिथिल करायला अ‍ॅट्राक्युरियम किंवा सिसअ‍ॅट्राक्युरियम घे, ती मुख्यतः रक्तात आपोआप विघटित होतात. मिडॅझोलम, मॉर्फिन जपून. उतरायला फार वेळ लागतो.