कल्हई, मुलामा, पाणी, जिल्हई : 'कोटिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे. एका कारखान्याच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायचं आहे आणि तीत 'कोटिंग', 'सरफेस ट्रीटमेंट' हे शब्द पानोपानी येतात. प्रश्नकर्त्यांनी सरसकट 'मुलामा' वापरला : गॅल्व्हनायझिंग म्हणजे जस्ताचा मुलामा, अॅनोडायझिंग म्हणजे ऑक्साइडचा मुलामा, नायट्रायडिंग म्हणजे नायट्रोजनचा मुलामा. त्यांचे सहकारी म्हणतात की 'कल्हई' हा रुळलेला शब्द असताना मुलामा कशाला? जस्ताची कल्हई म्हणा. दोघांपैकी कोणाचं बरोबर?

कोणाचंच नाही. इथे एका शब्दात भागणार नाही आणि तसा एक शब्द शोधूही नये. धातूच्या या कामांना मराठीत निरनिराळे शब्द आहेत, कारण कामंच निरनिराळी आहेत. आधी विचारायचं ते हे, की धातूचं नेमकं काय झालं? बाहेरून काही येऊन वर बसलं, आत मुरलं, धातूतूनच वर आलं, की काहीच न येता नुसता पृष्ठभाग पालटला? याचं उत्तर मिळालं की शब्द आपोआप सापडतो.

कल्हईपासून सुरुवात करू. अरबी-फारसीत 'कलई' म्हणजे कथील. मलाया द्वीपकल्पातल्या कलाह नावाच्या बंदराशी हा शब्द जोडला जातो, आणि त्या पट्ट्यात कथील मुबलक आहे हे खरंच. मराठीने त्यात 'ह' घातला. 'जिला'चा जिल्हा केला, चकाकी या अर्थाच्या 'जिला'ची जिल्हई केली, तशीच 'कलई'ची कल्हई. तेव्हा 'जस्ताची कल्हई' म्हणजे शब्दशः 'जस्ताचं कथील'. पण व्युत्पत्तीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. कल्हई म्हटलं की मराठी माणूस त्या भांड्यात आमटी करायला मोकळा होतो.

कारण कल्हईचं कामच ते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, टोमॅटो ठेवला की आंबटपणाने तांबं सुटतं, पदार्थाला हिरवट झाक आणि ओकारी आणणारी चव येते. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे : 'कळकणे'. ताक कळकलं. 'नासलं' नव्हे, 'आंबलं' नव्हे. भांड्यावर जो हिरवा थर धरतो तो कळंक. (गंज हा लोखंडाचा. विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात, पण पितळेच्या गंजाला गंज येत नाही, कळंक येतो. चांदी तर नुसती काळवंडते.)

आता कल्हई जवळून पाहू. भांडं आधी चिंच-मिठाने किंवा पातळ तेजाबाने घासून तेलकटपणा आणि कळंक काढतात. मग भात्याच्या जाळावर तापवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, पण भांडं त्याहून बरंच जास्त तापवावं लागतं, कारण खरं काम नवसागराचं आहे. तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की भपकन पांढरा धूर उठतो. नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात, आणि हे आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन धातू उघडा करतं. तेवढ्या क्षणांत कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने थेंब फिरवायचा. काळपट तांब्यावर चांदी धावत जावी तशी लकेर पसरते. कथील नुसतं वर बसत नाही, थोडं तांबं त्यात विरघळून दोहोंच्या मधे तांबं-कथलाच्या संयुगाचा अतिशय पातळ थर होतो. 'कल्हई धरली' म्हणतात ते यालाच. तेलाचा डाग राहिला की तिथे ती धरत नाही, कथलाचे मणी होऊन घरंगळतात. जाळ जास्त झाला की कथील करपतं आणि करडं-पिवळट दिसतं. धूर नाकात जाता कामा नये. काम उघड्यावर करतात ते त्यासाठीच.

कल्हईवाल्याकडची कांडी शुद्ध आहे की नाही हेही पाहावं. शिसं स्वस्त असतं आणि ते मिसळलं की कथील कमी उष्णतेला वितळतं, काम सोपं होतं, आणि ते शिसं पोटात जातं. कांडी पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ ठसठशीत उठली तर शिशाचा संशय घ्यावा. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकर असा आवाज येतो. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये, त्यात कोरडं काही भाजू नये. तळणाचं तेल १८० अंशांवर असतं, धुरावलेलं तेल २३० च्या घरात जातं. कथलाच्या वितळण्यापासून हे अंतर फार नाही.

आता जस्त. पोलाद तेजाबात धुऊन, जस्त क्लोराइड आणि नवसागराच्या द्रावणातून काढून, सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. नवसागर इथेही तेच काम करतो, म्हणून कृती पाहणाऱ्याला ही कल्हईच वाटावी. पण हेतू उलटा आहे. कथील निव्वळ पडदा आहे. कथील लावलेल्या पोलादी पत्र्यावर ओरखडा पडला तर उघड्या हवेत तिथलं लोखंड उलट लवकर गंजतं, कारण दोन धातूंच्या जोडीत आता लोखंड झिजायचं असतं. जस्ताचं तसं नाही. जस्त स्वतः झिजतं आणि ओरखड्यातल्या लोखंडाला वाचवतं. म्हणूनच ते आंबटाला टिकत नाही. जस्ती बादलीत पाणी भरावं, ताक घुसळू नये. माहितीपुस्तिकेत 'जस्ताची कल्हई' छापलं आणि कोणी त्या डब्यात लोणचं भरलं, तर ती चूक भाषांतराची ठरेल.

बरं, 'गॅल्व्हनायझिंग' हा शब्द तरी कुठे काटेकोर आहे? तो विजेवर प्रयोग करणाऱ्या लुइजी गॅल्व्हानीच्या नावावरून आला, १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेलने या कृतीचं पेटंट घेतलं, पण वितळलेल्या जस्तात बुडवताना वीज कुठेच लागत नाही. मराठीने मात्र साधा आणि बिनचूक शब्द केव्हाच केला आहे : जस्ती. जस्ती पत्रा, जस्ती तार, जस्ती बादली. विशेषण हवं तिथे बिनदिक्कत 'जस्ती' लिहा. क्रियेचं नाव हवं तिथे पाठ्यपुस्तकांतला 'जस्तविलेपन' चांगला आहे. जाडीही सोबत द्या, ती पोलादाच्या जाडीवर ठरते : ६ मिलिमीटरहून जाड भागावर सरासरी किमान ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ३ ते ६ वर ७०, दीड ते ३ वर ५५. याच प्रकरणात 'व्हाइट रस्ट' येईल. नवे जस्ती पत्रे पावसाळ्यात ओले एकावर एक रचले की मधे हवा खेळत नाही आणि पांढरी भुकटी धरते. कारखान्यात तिला 'पांढरा गंज' म्हणतात. शब्द रुळला आहे, राहू द्या, पण एकदा तरी 'जस्तावरची पांढरी भुकटी' असा खुलासा करा, नाहीतर वाचक लोखंडात दोष शोधत बसेल.

मग मुलामा कुठे? 'मुलम्मा' या अरबी शब्दाच्या मुळाशी चमकणं आहे. मुलामा देखाव्यासाठी असतो, म्हणून तर शब्दांनाही मुलामा देतात. चांदीवर सोनं, पितळी नळावर क्रोम हे खरे मुलामे. एक ग्रॅमच्या दागिन्यांत थर अर्ध्या मायक्रॉनचा धरला, तर एका ग्रॅम सोन्यात हजार चौरस सेंटिमीटरहून थोडं अधिक क्षेत्र झाकतं, म्हणजे ए-चार मापाच्या दीड कागदाहून थोडं जास्त. इतक्या पातळ सोन्यात खालचं तांबं हळूहळू शिरतं आणि रंग लालसर-काळा पडतो. म्हणून मधे निकेलचा थर देतात. तो टाळला की तक्रार ठरलेली. (निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांची तक्रार मात्र निकेल दिल्यावरच येते.) पण हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावरचं कठीण क्रोम घ्या. नळावरचं क्रोम मायक्रॉनचा काही दशांश, हे वीस मायक्रॉनपासून पुढे. ते झीज सोसण्यासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. त्याला 'मुलामा' म्हणणं अन्यायाचं आहे. 'कठीण क्रोमचा थर' म्हणा.

'पाणी' हा शब्द सर्वांत जपून वापरायचा. दागिन्या*वर* सोन्याचं पाणी असतं, विळ्या*ला* पाणी देतात. प्रत्यय बदलला की प्रक्रिया बदलते. पहिल्यात बाहेरचा थर आहे. दुसऱ्यात पोलाद लालभडक तापवून विझवलं जातं, आणि बाहेरून काहीही येत नाही. नुसतं विझवलं तर धार काचेसारखी ठिसूळ होऊन तुटते, म्हणून मग बेतानं पुन्हा तापवतात आणि गवती पिवळा रंग आला की थांबतात. तो साधारण २३० अंशांचा रंग. निळा आला म्हणजे ३०० गाठले, धार मऊ झाली. अवजार ग्राइंडरवर निळं पडलं की 'पाणी उतरलं' म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. कार्बन कमी असलेलं मऊ लोखंड मुळात पाणी घेतच नाही.

हा शब्द आधुनिक लेपांतही कामाला येतो. बाजारात सोनेरी ड्रिल मिळतात. त्यांच्यावर सोन्याचं पाणी नसून टायटॅनियम नायट्राइडचा दोन-चार मायक्रॉनचा अतिकठीण लेप असतो. तो निर्वात पेटीत साधारण ४५० अंशांना बसवतात, आणि हायस्पीड पोलादाचं पाणी साडेपाचशेच्या आसपास बेतलेलं असतं. म्हणून लेप चढतो आणि पाणी उतरत नाही. हाच लेप हजार अंशांच्या वायुप्रक्रियेने दिला तर लेप उत्तम आणि ड्रिल मऊ अशी गत होईल, पुन्हा पाणी द्यावं लागेल. हे वाक्य मराठीत जितकं थोडक्यात होतं तितकं दुसरीकडे क्वचितच होत असेल.

नायट्रायडिंगला मात्र ना मुलामा, ना लेप. पाचशे-साडेपाचशे अंशांना कित्येक तास ठेवून नायट्रोजन पोलादात शिरू देतात. कार्बुरायझिंगमध्ये ९०० ते ९५० अंशांना कार्बन शिरतो, नंतर पाणी देतात. लोणच्यात मीठ करतं तेच : 'मुरणे'. 'पृष्ठभागात नायट्रोजन मुरवलेला दांडा' असं लिहून पाहा, कामगाराला एका वाचनात कळेल. मुरलेलं सोलून निघत नाही हेही त्यातच आलं. जाडीऐवजी मग 'मुरण्याची खोली' लिहावी.

अॅनोडायझिंगची गंमत आणखी वेगळी. अॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पापुद्रा धरलेला असतो. साध्या नवसागराने तो निघत नाही, म्हणून अॅल्युमिनियमच्या पातेल्याला कल्हई धरत नाही. तोच पापुद्रा सल्फ्युरिक आम्लात, वस्तू धनाग्र करून (म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडून), विजेने जाड करायचा. दुधावर साय धरते तसं हे आहे : साय कोणी वरून घालत नाही, ती दुधातूनच येते. म्हणून 'ऑक्साइडचा मुलामा' चूक, 'धनाग्रीकरण' बरोबर. ही साय काही आत आणि काही बाहेर वाढते, कठीण धनाग्रीकरणात साधारण अर्धी-अर्धी. अशी ५० मायक्रॉनची साय धरली तर पृष्ठभाग २५ मायक्रॉन वर येतो आणि भोकाचा व्यास ५० मायक्रॉननी घटतो. बेअरिंग बसत नाही अशी तक्रार येते ती इथून. 'लेपाची जाडी ५० मायक्रॉन' असं भाषांतर वाचून यंत्रकार भोक १०० मायक्रॉनने मोठं करेल आणि बेअरिंग सैल बसेल. रंग द्यायचा तर साय सच्छिद्र असताना द्यायचा, मग उकळत्या पाण्यात छिद्रं मिटवायची. आधी मिटवली तर रंग धरत नाही.

राहिली जिल्हई, आजच्या बोलीत झिलई. ती घासून-पुसून काढलेली चकाकी, तिच्यात भर काहीच नाही. पुस्तिकेत 'इलेक्ट्रोपॉलिशिंग' असेल तर 'विद्युत जिल्हई' लिहा, 'विद्युतविलेपन' चुकूनही नको : विद्युतविलेपनात (इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये) वस्तू ऋणाग्र असते आणि तिच्यावर धातू चढतो, इथे ती धनाग्र असते आणि तिच्यावरचा धातू उतरतो.