नॅनोकणांची बातमी आणि नॅनोकणांचं औषध : वाचकांची प्रश्नोत्तरे

विद्यापीठातल्या नॅनोपदार्थांच्या प्रयोगशाळेत मी काम करते. कुठल्याही विद्यापीठाच्या संशोधनाची बातमी छापून आली की आठवडाभर मला पत्रं येत राहतात. विचारणारे वेगवेगळे, गोंधळ मात्र तोच. म्हणून या वेळी काही उत्तरं एकत्रच देते.

नॅनो म्हणजे नेमकं किती लहान?

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणतात. तुमचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो.

सोन्याचे नॅनोकण लाल दिसतात म्हणे. सोनं तेच, मग रंग कसा बदलतो?

लाल दिसतात, अगदी माणकासारखे. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घालायचं. आधी पिवळेपणा जातो, मग द्रावण काळपट जांभळं होतं आणि काही मिनिटांत लाल. वर्षानुवर्षं हा प्रयोग पाहतेय, तरी रंग फिरताना मी हातातलं काम सोडून बघत उभी राहते. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला जातो. उरतो तो लाल. मायकल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अशी लाल द्रावणं तयार करून हा रंग अतिसूक्ष्म सोन्याचाच आहे, असं मांडलं होतं.

आकार घटला की पृष्ठभागही अफाट वाढतो. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून ६,००० चौरस मीटर भरतो. त्यामुळेच हे कण इतके चपळ आणि इतके चंचलही. त्या लाल कुपीत चिमूटभर मीठ टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि डोळ्यांदेखत रंग निळसर होतो. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नॅनो-चांदीचं पाणी रोज दोन चमचे घेतलं तर प्रतिकारशक्ती वाढते, असं ओळखीचे लोक सांगतात. घ्यावं का?

घेऊ नका. चांदी जीवाणू मारते, म्हणून जखमेवरच्या काही पट्ट्यांत ती असते. जखमेवर लावण्याची गोष्ट पोटात घेण्याची ठरत नाही. पोटात गेलेली चांदी ऊतींमध्ये साठते आणि त्वचा करडी-निळी पडू शकते. याला अर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच असल्या चांदीच्या औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिला आहे. ‘ओळखीचे लोक’ हा पुरावा नव्हे. थायरॉइडची गोळी किंवा काही प्रतिजैविकं चालू असतील, तर ती अंगी लागण्यातही चांदी अडथळा आणू शकते. आधीच सुरू केलं असेल तर बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवा.

क्रीमच्या डबीवर ‘नॅनो गोल्ड’ लिहिलंय. त्यात खरंच असेल का?

डबी पाहून सांगता येणार नाही. युरोपीय संघात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनात नॅनो घटक असेल तर घटकांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘नॅनो’ लिहावंच लागतं. पुढच्या बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरांत नॅनो आणि मागच्या यादीत काहीच नाही, तर तो शब्द तुमच्या खिशासाठी छापलाय. चेहऱ्यावर पुरळ असेल तर क्रीम बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

माझ्या वडिलांना कर्करोग आहे. एका विद्यापीठाने वनस्पतीच्या अर्कातून केलेल्या नॅनोकणांनी कर्करोगाच्या बहुतेक पेशी मारल्याची बातमी वाचली. डॉक्टर केमोथेरपी लगेच सुरू करा म्हणतात. हे औषध येईपर्यंत थांबावं का? ते कुठे मिळेल?

थांबू नका. हे उत्तर इथेच सोडून आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

ते औषध कुठेच मिळणार नाही, कारण ते अजून औषध झालेलंच नाही. ‘पेशी मारल्या’ म्हणजे काय झालं ते सांगते. हाताच्या पंज्याएवढी प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात थेंबभर पोषक द्रव आणि पेशी. त्यात नॅनोकण सोडतात, एक-दोन दिवस ठेवतात, मग एक पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. जांभळेपणा जितका कमी, तितक्या पेशी मेल्या असं धरतात. चाचणी चांगली आहे, मीही करते. पण त्या खळग्यात ब्लीचचा थेंब टाकला तरी पेशी मरतात. त्याच मात्रेत निरोगी पेशींचं काय झालं, हा पहिला प्रश्न असतो आणि बातमीत तो बहुधा नसतो.

आता मिठाकडे या. रक्त खारट आहे. कुपीत सुटे राहणारे कण रक्तात गोळा होऊ शकतात. तसे होऊ नयेत म्हणून आवरण दिलं, तरी काही मिनिटांत त्यांच्यावर रक्तातली प्रथिनं चढतात आणि शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतं. मग यकृत आणि प्लीहा त्यांना गाळून काढतात. टोरांटो विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, होता ०.७ टक्के. हजारातले सात. खळग्यात मात्र हजारच्या हजार कण पेशींच्या अंगावर असतात.

नॅनो-औषधं खोटी आहेत, असं मी म्हणत नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं जुनं औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, त्याने हृदयाला होणारी इजा कमी झाली. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या कणांत बांधून २००५ मध्ये आलं. म्हणजे कामाची नॅनो-औषधं तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना माहीत आहेत. वडिलांच्या आजारात त्यातलं काही लागू पडतं का, ते त्यांनाच विचारा. एखादी मानवी चाचणी चालू असल्याचं कुणी सांगितलं, तर तिचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागत असतील, तर तिथून उठा.

मला राग येतो तो यासाठी. एक गृहस्थ कापडी पिशवीत रिपोर्टांची फाइल घेऊन थेट आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आले होते. बायकोचे उपचार त्यांनी तीन महिने थांबवले होते, एका बातमीच्या भरवशावर. त्यांना दाखवायला माझ्याकडे ती ९६ खळग्यांची पट्टी होती, दुसरं काही नव्हतं. बातमीत ‘खळग्यातल्या पेशींवर’ एवढे दोन शब्द जास्त असते, तर ते तीन महिने वाया गेले नसते. संशोधकांनीही हे शब्द पत्रकारांना हट्टाने लिहायला लावले पाहिजेत.

मग विद्यापीठांच्या इतक्या शोधनिबंधांतून हाती काय लागतं?

लागतं, पण उशिरा आणि भलत्याच दाराने. मँचेस्टर विद्यापीठात २००४ मध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, वेगळं केलं गेलं, २०१० मध्ये त्याला नोबेल मिळालं. क्वांटम ठिपके, म्हणजे आकारानुसार रंग बदलणारे अर्धवाहकाचे नॅनोकण, एकसारख्या आकाराचे करण्याची रीत अमेरिकेतल्या एमआयटीत १९९३ मध्ये सापडली. आज ते टीव्हीच्या पडद्यात आहेत, नोबेल २०२३ मध्ये आलं. कोविडच्या एमआरएनए लशी ज्या मेदकणांत भरल्या, त्यांच्यामागे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटाचं कित्येक वर्षांचं काम होतं. ते सुरू झालं तेव्हा कोविड हे नावही नव्हतं.

एम.एस्सी.चा प्रकल्प : क्ष-किरण विवर्तनातून कणांचा आकार २० नॅनोमीटर आला, प्रकाश विकिरणातून ९०. कोणता छापू?

दोन्ही छापा, पद्धतीच्या नावासकट. पहिला आकडा एकसंध स्फटिकाचा, दुसरा द्रवात फिरणाऱ्या कणाचा, त्यावरच्या आवरणासह आणि गोळा झाला असेल तर गोळ्यासह. सोयीचा आकडा निवडलात तर निबंध खोटा ठरेल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ आजच मागा, नमुना सहा महिने बाटलीत ठेवून मग नेलात तर दिसेल तो दुसराच पदार्थ. मार्गदर्शकांना तिन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवा.

परिषदेत पोस्टर लावल्यावर पेटंटचा अर्ज केला तर चालतं का?

अनेक देशांत नाही. काही ठिकाणी ठरावीक अटींवर मुदत मिळते. आज पेटंट वकिलांना किंवा विद्यापीठाच्या पेटंट कक्षाला भेटा, उद्या नको.

कार्बन नळिकांची (कार्बनच्या नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांची) कोरडी भुकटी मी उघड्या टेबलावर तोलतो. हल्ली खोकला आहे. संबंध असेल का?

पत्रावरून सांगता येणार नाही, तपासावं लागेल. पण उघड्यावर तोलणं आजपासून बंद. एडिंबरा विद्यापीठातल्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की लांब नळिका उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह घडवतात. शोषकपेटी (हवा ओढून घेणारी प्रयोगशाळेतली बंदिस्त पेटी) चालू ठेवून आत तोला, शक्य तिथे भुकटी ओली करून हाताळा, कापडी मास्कवर विसंबू नका. सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि छातीच्या डॉक्टरांना भेटताना पदार्थाचं माहितीपत्रक बरोबर न्या.